पुढचा प्लेस्टेशन: फुटलेल्या माहितीवर किती विसंबावे?

गोदाकाठ – १४ डिसेंबर २०२५

नमस्कार. माझ्याकडे अजून सोनीचा प्लेस्टेशन ४ हा गेम खेळण्याचा कन्सोल आहे आणि त्याच्या डिस्कचा बऱ्यापैकी मोठा साठा जमलेला आहे. प्लेस्टेशन ५ घेणे या ना त्या कारणाने लांबणीवर पडत गेले. आता मनावर घेतले, तर जिकडे पाहावे तिकडे त्याच्या पुढच्या कन्सोलच्याच कंड्या पिकलेल्या दिसतात. कोणी २०२७ साल सांगतो, कोणी २०२८. कोणी चिपचे सांकेतिक नाव आणि मेमरीचा आकडा छातीठोकपणे देतो, तर कोणी किंमतसुद्धा जाहीर करून मोकळा होतो. यातले बहुतेक जण ‘आतल्या गोटातली बातमी’ असल्याचे सांगतात, पण एकाच्या गोटाचा दुसऱ्याच्या गोटाशी मेळ बसत नाही.

कोणता कन्सोल घ्यावा, हा माझा मूळ प्रश्न नाही. असे यंत्र येण्याआधी जी माहिती फुटते, तिच्यातली कोणत्या प्रकारची खरी ठरते आणि कोणत्या प्रकारची खोटी, याचा मागच्या पिढ्यांवरून काही अंदाज बांधता येतो का? ज्यांनी हे आधीपासून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कळफलक – १४ डिसेंबर २०२५

प्रश्न आवडला, म्हणून थोडे लांबण लावतो.

अधिकृतपणे जे माहीत आहे ते आधी वेगळे काढू, कारण ते फारच थोडे आहे. ‘प्लेस्टेशन ६’ हे नावसुद्धा सोनीने अजून जाहीर केलेले नाही. ते आपण आपल्या सोयीसाठी धरून चाललो आहोत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोनीच्या वरिष्ठ अधिकारी नाओमी मात्सुओका यांनी आर्थिक निकालांच्या वेळी, प्लेस्टेशन ५ आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धात शिरत असल्याचे सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मार्क सर्नी यांनी एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीबरोबरच्या ‘प्रोजेक्ट अ‍ॅमेथिस्ट’ या सहकार्याची घोषणा केली. सर्नी हे प्लेस्टेशन ४ आणि ५ या दोन्हींचे प्रमुख रचनाकार असल्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आणि एएमडीच्या जॅक हुइन यांनी एकत्र बसून तीन गोष्टी समजावून सांगितल्या. एक म्हणजे ग्राफिक्स चिपमधल्या गणन-एककांनी सुटेसुटे काम न करता यंत्र-शिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) कामासाठी समूहाने काम करावे, ही ‘न्यूरल अ‍ॅरे’ची कल्पना. दुसरी, प्रकाशकिरणांचा माग काढण्याचे म्हणजे रे ट्रेसिंगचे काम ज्यांच्यावर सोपवायचे ते स्वतंत्र ‘रेडियन्स कोअर’. आणि तिसरी, मेमरीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या सर्व प्रकारच्या विदेचे (डेटाचे) सरसकट संक्षेपण, म्हणजे ती आकाराने लहान करणे. लोक पहिल्या दोन गोष्टींवर भाळले, पण माझ्या मते तिसरीच सर्वांत बोलकी आहे. मेमरी कितीही वेगवान घेतली तरी तिची बँडविड्थ, म्हणजे विदा वाहून नेण्याची क्षमता, महाग पडते आणि तीच आज अडसर ठरते आहे, याची ती जवळजवळ कबुलीच आहे.

हे सर्व सध्या केवळ संगणकीय प्रतिरूपात (सिम्युलेशनमध्ये) अस्तित्वात आहे, असे सर्नी यांनीच सांगितले, आणि ‘काही वर्षांत’ येणाऱ्या कन्सोलमध्ये ते आणण्याची उत्सुकता व्यक्त केली. या दोन वाक्यांपलीकडचे जे काही आज वाचायला मिळते, ते एकतर फुटलेले आहे किंवा रचलेले आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझा आडाखा असा आहे की, जो निर्णय जितका लवकर पक्का करावा लागतो, त्याच्याविषयी फुटलेली माहिती तितकी खरी निघते. जो शेवटच्या क्षणापर्यंत हातात ठेवता येतो, त्याविषयीच्या बातमीला काडीचाही अर्थ नसतो. चिपचा आराखडा पहिल्या प्रकारात मोडतो आणि किंमत दुसऱ्या.

प्लेस्टेशन ५ च्या वेळचा प्रसंग यासाठी पाहण्यासारखा आहे. डिसेंबर २०१९ च्या सुमारास एएमडीच्या चाचण्यांची काही विदा गिटहब या संगणकीय आज्ञावली साठवण्याच्या संकेतस्थळावर सापडली. तिच्यात ‘ओबेरॉन’ नावाची चिप होती, ३६ गणन-एककांची आणि २ गिगाहर्ट्झ वेगाची. हिशेब सोपा आहे: प्रत्येक एककात ६४ अंकगणिती भाग, प्रत्येक भाग एका ठोक्याला दोन क्रिया करतो, म्हणून ३६ × ६४ × २ × २ गिगाहर्ट्झ, अर्थात साधारण ९.२ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया). चाहत्यांना हा आकडा मुळीच मानवला नाही. ही जुनी चाचणी असेल, अर्धी एकके बंद ठेवली असतील, हा मुद्दाम सोडलेला चकवा असेल, असे नाना तर्क लढवले गेले, आणि १३ टेराफ्लॉपच्या पुड्या महिनोन्महिने सुटत राहिल्या. १८ मार्च २०२० रोजी सर्नी यांनी यंत्राची रचना उलगडली तेव्हा एकके ३६ च निघाली. वेग मात्र २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत चढवलेला होता, त्यामुळे आकडा १०.२८ टेराफ्लॉपवर गेला. सिलिकॉनवर कोरलेली संख्या बदलता येत नाही, ठोक्यांचा वेग मात्र उशिरापर्यंत वाढवता येतो, हे यातून स्वच्छ दिसते.

खरे तर त्यासाठी गिटहबची गरजही नव्हती. प्लेस्टेशन ४ प्रोमध्येही, म्हणजे ४ च्याच अधिक ताकदवान रूपात, ३६ च एकके होती, आणि जुने गेम नव्या यंत्रावर विनासायास चालवायचे तर तीच संख्या सोयीची, हा तर्क कोणालाही बसल्या जागी करता आला असता.

सालाविषयी म्हणाल तर प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये, ३ नोव्हेंबर २००६ मध्ये, ४ नोव्हेंबर २०१३ मध्ये आणि ५ नोव्हेंबर २०२० मध्ये आला. मागच्या दोन खेपांचे अंतर नेमके सात वर्षांचे आहे. त्यामुळे २०२७ हा आकडा कोणालाही आतल्या गोटाशिवाय काढता येतो, आणि म्हणूनच तो सांगणाऱ्याला मी फारसे श्रेय देत नाही.

बाजारबुणगा – १४ डिसेंबर २०२५

बाजारात तुरी! नाव ठरलेले नाही, चिप प्रतिरूपात आहे, आणि इकडे त्याच्या किमतीवरून हमरीतुमरी चालू आहे. कळफलक यांचे लिहिणे मान्य आहे, पण १३ टेराफ्लॉप सांगणाऱ्यांचे पुढे काय झाले, हेही त्यांनी लिहायला हवे होते. तेच लोक तितक्याच आत्मविश्वासाने आज पुढच्या यंत्राची माहिती देत आहेत.

ताम्हण – १५ डिसेंबर २०२५

कळफलक यांच्या आडाख्यात तथ्य आहे, पण तो त्यांनी जरा जास्त नीटनेटका मांडला आहे, असे मला वाटते. हार्डवेअरचे सर्वच निर्णय लवकर गोठतात, असे नाही. प्लेस्टेशन ४ च्या वेळी बाहेर आलेल्या माहितीत मेमरी ४ जीबी असल्याचे सांगितले जात होते, आणि ती माहिती त्या घडीला खोटी नव्हती. २० फेब्रुवारी २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या मंचावर सोनीने ८ जीबी जीडीडीआर५ मेमरी जाहीर केली, तेव्हा गेम बनवणाऱ्या काही स्टुडिओंनाही तो धक्काच होता. मेमरीचे तुकडे बाहेरून विकत घ्यायचे असतात आणि अधिक क्षमतेचे तुकडे वेळेत मिळाले तर मुख्य चिपला हात न लावता आकडा दुप्पट करता येतो. त्यामुळे आज जे मेमरीचा आकडा सांगतात, ते जरी खरोखर आतल्या माणसाकडून ऐकून सांगत असले, तरी तो आकडा टिकेलच, असे मानायला आधार नाही.

दुसरा मुद्दा कागदपत्रांचा. फुटलेली माहिती अस्सल असली की ती खरी ठरते, असे आपण नकळत गृहीत धरतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत योजना चुकून उघड झाल्या. याहून अस्सल पुरावा तो कोणता? त्यांत ‘ब्रुकलिन’ या नावाने नळकांड्याच्या आकाराचा, डिस्क ड्राइव्ह नसलेला, २ टीबी साठवण असलेला ‘एक्सबॉक्स सिरीज एक्स’ हा कन्सोल २०२४ साठी दाखवला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये डिस्कविना सिरीज एक्स आला खरा, पण तो जुन्याच चौकोनी खोक्यात आणि १ टीबी साठवणीसह. त्याच कागदांत पुढच्या पिढीचा एक्सबॉक्स २०२८ साली आणण्याचा विचार होता. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टने इतके फेरविचार केले आहेत की, त्या सालाला आज ऐतिहासिक दस्तऐवजापलीकडे किंमत उरलेली नाही. योजना अस्सल होती, बदलली, इतकेच.

आणि चित्रांबद्दल तर बोलायलाच नको. निन्टेन्डो या कंपनीच्या ‘एनएक्स’च्या वेळी, म्हणजे जो कन्सोल पुढे स्विच म्हणून आला त्याच्या वेळी, मार्च २०१६ मध्ये लंबगोल पडदा असलेल्या नियंत्रकाची छायाचित्रे जगभर फिरली. ती खोटी असल्याचे बनवणाऱ्यांनीच पुढे सांगून टाकले. त्यांतले एक तर चक्क त्रिमितीय छपाई करून घडवलेले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये युरोगेमर या गेमविषयक संकेतस्थळाने यंत्राचे छायाचित्र न देता लिहिले की, हे यंत्र हातात धरून खेळण्याचे असेल, त्याचे नियंत्रक दोन्ही बाजूंनी सुटे होतील आणि आत एनव्हिडियाची टेग्रा चिप असेल. ऑक्टोबरमध्ये स्विच दाखवला गेला तेव्हा ते सगळे जुळले. त्यामुळे चित्र जितके देखणे, तितका माझा विश्वास कमी. प्लेस्टेशन ५ च्या वेळी इंग्रजी व्ही अक्षरासारखे दिसणारे यंत्र ब्राझीलमधल्या नोंदणीतून बाहेर आले. ते चित्र अस्सलच होते, फक्त ते गेम बनवणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या विकास-संचाचे होते, दुकानात येणाऱ्या कन्सोलचे नव्हे. तरी लोकांनी त्यावरून भविष्यातल्या कन्सोलची रंगीत चित्रे काढून घेतलीच.

कळफलक – १५ डिसेंबर २०२५

मेमरीचा मुद्दा मान्य. आडाख्यात ‘चिपचा आराखडा’ इतकेच म्हणावे आणि विकत घ्यायचे भाग त्यातून वगळावेत, म्हणजे दोघांचेही म्हणणे बसते. ब्रुकलिनलाही मी याच खान्यात टाकीन: खोक्याचा आकार आणि साठवण या गोष्टी उशिरा बदलता येतात. त्या पिढीच्या मुख्य चिपबाबत मात्र गिटहबच्या विदेत एक्सबॉक्ससाठी ५६ एकके दिसत होती, आणि यंत्र आले ते त्यांतली ५२ चालू ठेवून.

लोहमार्ग – १५ डिसेंबर २०२५

चर्चा चिपभोवतीच फिरते आहे, म्हणून किमतीबद्दल थोडे लिहितो, कारण ग्राहकाला शेवटी तीच भोवते.

किंमत उशिरा का ठरते? प्रतिस्पर्धी काय मागतो, हे पाहिल्याशिवाय आपला पत्ता उघडायचा नाही, अशी या धंद्याची रीत आहे. जून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी ४९९ डॉलर जाहीर केले आणि त्याच दिवशी संध्याकाळी सोनीने प्लेस्टेशन ४ साठी ३९९ सांगून टाळ्या घेतल्या. २०२० मध्ये दोन्ही कंपन्या महिनोन्महिने एकमेकींकडे पाहत बसल्या. प्लेस्टेशन ५ ची किंमत सप्टेंबरच्या मध्यावर कळली, म्हणजे यंत्र दुकानात येण्याच्या जेमतेम दोन महिने आधी. यंत्राची किंमत खुद्द कंपनीनेच अजून ठरवलेली नसेल, तर ती फुटणार कुठून?

यंदा त्यात एका नव्या अनिश्चिततेची भर पडली आहे. पूर्वी कन्सोल जुना होत गेला की स्वस्त होत असे. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि दोन वर्षांच्या आत १९९ वर उतरला, कारण चिप लहान होत गेली की तिचा खर्चही घटत असे. आज चिप लहान होते, पण त्या प्रमाणात स्वस्त होत नाही. प्लेस्टेशन ५ अमेरिकेत ४९९ डॉलरला आला होता आणि पाचव्या वर्षी, या ऑगस्टमध्ये, आयात शुल्काच्या गदारोळात तो ५४९ वर गेला. आपल्याकडे तर हे आधीच घडले होते: ४९,९९० रुपयांचे यंत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाले. त्यावर आता मेमरीची टंचाई. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदाकेंद्रांसाठी मेमरी इतक्या प्रमाणात उचलली जात आहे की, मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने या महिन्याच्या सुरुवातीला सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा व्यवसायच गुंडाळण्याची घोषणा केली. सर्नी सरसकट संक्षेपणावर इतका भर का देतात, याचे एक कारण मला यातही दिसते. कमी मेमरीत आणि कमी बँडविड्थमध्ये अधिक काम उरकता आले, तर यंत्राच्या किमतीला कुठेतरी लगाम बसेल. हा माझा तर्क आहे, बातमी नव्हे.

याच कारणाने मला २०२७ पेक्षा २०२८ अधिक संभवनीय वाटते. चिप वेळेवर तयार झाली, तरी मेमरीचे भाव उतरेपर्यंत यंत्र अडवून धरणे सोनीला परवडू शकते, कारण प्लेस्टेशन ५ अजून चांगला खपतो आहे. याउलट, मायक्रोसॉफ्ट आधी उतरली तर हे गणित फिरेल. या जूनमध्ये तिनेही एएमडीशी अनेक वर्षांचा करार जाहीर केला आहे आणि पुढचे यंत्र अत्यंत उंची स्वरूपाचे असेल, असे तिच्या एक्सबॉक्स विभागाकडून सारा बाँड यांनी सूचित केले आहे. उंची याचा अर्थ बहुधा महाग असाच घ्यायचा.

गोदाकाठ – १६ डिसेंबर २०२५

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके मुद्देसूद वाचायला मिळेल, असे वाटले नव्हते. कळफलक आणि ताम्हण यांच्या वादातून माझ्यासाठी निघालेला अर्थ असा की, चिपविषयीचे ऐकावे, मेमरीविषयीचे तूर्त ऐकून ठेवावे, आणि चित्रे व किंमत यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

दोन उपप्रश्न विचारतो. नवे यंत्र जुने गेम चालवील, असे सगळेच गृहीत धरतात. त्याला काही आधार आहे का? आणि ते २०२७ मध्ये आले, तरी आपल्याकडे केव्हा पोहोचेल?

ताम्हण – १६ डिसेंबर २०२५

पहिल्या प्रश्नाला बऱ्यापैकी भक्कम आधार आहे. प्लेस्टेशन ३ मधला ‘सेल’ प्रोसेसर इतका वेगळा होता की, त्याचे गेम प्लेस्टेशन ४ वर थेट चालवणे जमले नाही. ४ पासून सोनीने एएमडीच्या, साध्या संगणकांत असते तशा एक्स८६ रचनेच्या चिपची वाट धरली, म्हणूनच ५ वर ४ चे जवळजवळ सर्व गेम चालतात. चार हजारांहून अधिक गेमपैकी ९९ टक्के, असा सोनीचा दावा होता. पुढच्या यंत्रासाठीही एएमडीच सोबत आहे, त्यामुळे ही साखळी तोडण्याचे तांत्रिक कारण दिसत नाही. शिवाय लोकांनी डिजिटल स्वरूपात जमवलेले गेम पुढे चालणार नसतील, तर त्यांना आपल्याच यंत्राशी बांधून ठेवण्याचे सर्वांत मोठे साधन सोनी स्वतःच्या हाताने घालवून बसेल.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र जाहीर तारखेवर थोडी भर घालूनच विचार करा. प्लेस्टेशन ५ अमेरिकेत आणि जपानमध्ये १२ नोव्हेंबर २०२० रोजी आला आणि भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी. नोंदणी उघडताच साठा संपत असल्यामुळे अनेकांच्या हाती तो आणखी कितीतरी उशिरा पडला. प्लेस्टेशन ५ प्रोची गोष्ट याहून गमतीची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो जगभर आला, पण भारतात नाही. त्यात वाय-फाय ७ आहे, आणि त्यासाठी लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा त्या वेळी आपल्याकडे खुला नव्हता, हे कारण सोनीनेच दिले. म्हणजे चिप, किंमत आणि मेमरी या सर्वांवर महिनोन्महिने खल झाला आणि आपल्यापुरता निकाल लावला तो दूरसंचाराच्या नियमाने. त्याविषयी फुटलेली माहिती देणारा एकही जण मला त्या काळात भेटला नव्हता.

कळफलक – १६ डिसेंबर २०२५

व्यवहारापुरते एवढेच जोडतो. पिढी बदलली की लगेच जुने यंत्र ओस पडते, असे आता होत नाही. प्लेस्टेशन ५ येऊन दोन वर्षे झाल्यावरही, नोव्हेंबर २०२२ मध्ये, ‘गॉड ऑफ वॉर: रॅग्नारॉक’ हा गेम प्लेस्टेशन ४ साठीही निघाला होता. पुढच्या पिढीतही हेच होईल, असे मी धरून चालतो. आपली खरी अडचण वेगळीच आहे: ‘जीटीए ६’ हा गेम आता १९ नोव्हेंबर २०२६ वर गेला आहे आणि तो प्लेस्टेशन ४ वर येणारच नाही. तो खेळायचा असेल, तर पुढच्या यंत्राची तारीख काहीही असो, आपल्याला प्लेस्टेशन ५ लागणार.

घेताना डिस्क ड्राइव्ह असलेलेच रूप घ्या, म्हणजे आपला जुना साठा त्यावर जसाच्या तसा चालेल. नोव्हेंबर २०२३ पासूनच्या नव्या रूपात ड्राइव्ह सुटी होते आणि पहिल्यांदा जोडताना तिची इंटरनेटवरून एकदा नोंदणी करावी लागते, इतके ध्यानात ठेवा. प्लेस्टेशन ४ वर जतन केलेली प्रगती दोन्ही यंत्रे घरच्या एकाच नेटवर्कवर जोडून थेट हलवता येते, तेव्हा नवे यंत्र लावून होईपर्यंत जुने कोणाला देऊन टाकू नका.